वर्षभराचा बाप

ती आमच्या घरी एसटीनं आली. नांदेडहून हिंगोलीला येणारी दुपारची गाडी होती. बायको खिडकीशी बसलेली आणि तिच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेलं, जेमतेम पंधरवड्याचं लेकरू. बायको एसटीत वाहक आहे, त्यामुळं डेपोतले सगळे तिच्या ओळखीचे. ती उतरताना एका ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, कोनाचं हो लेकरू?"

"बहिणीचं," बायको म्हणाली.

पुढं वर्षभर कुणीही विचारलं तरी तिनं हेच उत्तर दिलं. त्यात तिची कधी चूक झाली नाही. चूक झाली ती माझी.

बहीण म्हणजे माझी धाकटी मेव्हणी. ती हट्टा नावाच्या गावी दिलेली आहे. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली, पेढे वाटून झाले. मग चार-पाच दिवसांनी तिची झोप उडाली. ती आपल्याशीच बोलायला लागली. एका सकाळी ती म्हणाली, हे लेकरू माजं न्हाई, दवाखान्यात बदललंय. त्याच दिवशी रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी बाईला हाक मारून तिनं बाळ तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे तुमचंच हाय, घेऊन जा." ती बाई भली होती. तिनं बाळ परत आणून घरात दिलं.

लोक म्हणाले, बाहेरचं आहे. कुणी अंगारा आणला, कुणी देवऋषी सुचवला. माझा साडू हळद-सोयाबीनची शेती करणारा, फारसं न बोलणारा माणूस. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. गाडी केली आणि मेव्हणीला नांदेडला मेंदूच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांच्या मेंदूला असा झटका बसतो. औषधानं बरं होतं, पण वेळ लागतो. तोवर बाळ तिच्याजवळ ठेवू नका. साडूची आई कधीच वारलेली. माझ्या सासूबाई आजारी लेकीपाशी दवाखान्यात राहिल्या. म्हणून बाळ आमच्याकडं आलं.

आम्हाला मूल नाही. दवाखाने करून झाले होते आणि मग एका वर्षी आम्ही ते थांबवलं. त्याबद्दल बोलणंही थांबवलं.

"दोन-तीन महिने," बायको दुपटं पलंगावर ठेवत म्हणाली. मलाही तेवढेच वाटले. पण मेव्हणीला मध्येच बरं वाटलं, औषधं सुटली आणि आजार उलटला. मग पुन्हा पहिल्यापासून उपचार. दोन-तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर वर्षाच्याही पुढं काही महिने गेले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमचं कॉलेज सकाळचं, दुपारी मी मोकळा. बायकोची ड्यूटी बदलती, पण तिनं विनंती करून जास्तीत जास्त दुपारच्या फेऱ्या मागून घेतल्या. म्हणजे दुपार माझी, रात्र आणि सकाळ तिची. दोघंही बाहेर असलो की शेजारच्या खाला सांभाळायच्या. खालांचे मालक शिवणकाम करायचे, ते गेल्यावर त्या मुलासोबत राहत होत्या. नातवंडं मोठी झाल्यामुळं त्यांचे हात रिकामे होते.

पारव्यांच्यात असंच असतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ऊन चढलं की नर अंड्यांवर येऊन बसतो तो दुपार उतरेपर्यंत, मग मादी येते आणि रात्र काढते. पिलं निघाली की नुसत्या आईच्याच नव्हे, बापाच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं काही तरी तयार होतं आणि तो ते पिलांना भरवतो. हे मी कितीतरी वर्षं वर्गात सांगत आलो होतो. बापाला पान्हा फुटतो म्हटलं की पोरं खिदळायची. मीही हसायचो. पुढच्या धड्याकडं जायला तेवढा विनोद बरा पडायचा.

पहिले काही आठवडे मला भीतीशिवाय काही वाटलं नाही. प्रयोगशाळेत काचेचं भांडं धरावं तसं मी तिला धरायचो, अंगापासून जरा लांब. ती रडायची आणि मी बाटली, लंगोट, पाळणा असं एकेक करून बघायचो. एका दुपारी रडणं थांबेचना, तेव्हा खाला भिंतीपलीकडून उठून आल्या.

"क्या सर, ऐसा पकड्या जैसा पार्सल पकड्या," त्या म्हणाल्या. "बनियन उतारो. सीने पे लेव उसको. चमडी को चमडी लगने देव."

मला संकोच वाटला. खालांनी तोंड फिरवलं. मी उघड्या छातीवर बाळाला घेऊन पलंगावर पडलो. तिनं आणखी थोडा वेळ हुंदके दिले, मग नाक माझ्या गळ्याच्या खळग्यात खुपसलं आणि झोपली. लाइट गेलेली होती, घामानं आम्ही दोघं एकमेकांना चिकटलो होतो. बायको ड्यूटीवरून आली तेव्हाही मी तसाच पडून होतो. एक हात बधीर झाला होता, पण हलावंसं वाटत नव्हतं.

त्यानंतर माझ्यात काही तरी होत गेलं. कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. फळ्यावर आकृती काढता काढता मला एकदम वाटायचं, ती उठली. घरी येऊन खालांना विचारलं तर त्या म्हणायच्या, हां, तभीच उठी थी. स्टाफरूममध्ये एकाच्या मोबाइलला लहान मूल रडल्याची रिंगटोन होती. ती वाजली की माझे हात आपोआप पुढं यायचे, सगळे हसायचे. तिच्या रडण्यातली भूक वेगळी, झोप वेगळी आणि पोटात दुखणं वेगळं, हे मला कळायला लागलं. बायकोला ते उशिरा कळलं. कारण झोप न येणारी दुपार माझ्या वाट्याची होती.

मी मूळचा तापट. वर्गात डस्टर आपटणारा मास्तर अशी माझी ओळख. त्या वर्षी पोरं म्हणायला लागली, सर बदलले.

मग मी वाचायला लागलो. शिकवायला लागतं तेवढं मला माहीत होतं, पण आता मला स्वतःविषयी वाचायचं होतं. आई-बाप दोघं मिळून पिलं वाढवतात असे प्राणी थोडे असतात. गवताळ रानातले काही उंदीर असतात, जन्मभर एकाच जोडीदारासोबत राहणारे. खारीएवढी माकडं असतात. त्यांच्यात मादीला जुळी होतात आणि बाप ती दिवसभर पाठीवर वागवतो, फक्त पाजायला आईकडं देतो. अशा नरांच्या रक्तातली रसायनं बदलतात. भांडायला लावणारं कमी होतं, जवळ घ्यायला लावणारं वाढतं. मेंदूत पेशींची जुळणी बदलते. काही उंदरांच्यात तर पिलांजवळ राहिलेल्या नरांच्या मेंदूत नव्या पेशी तयार होताना दिसल्या आहेत. पिलं जन्मताच नराला बाजूला काढला तर त्याच्या मेंदूत तसं होत नाही.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. त्या माकडांच्यात पाठीवर पिलू वागवणारा नर त्या पिलाचा जन्मदाताच असावा लागतो असं नाही. कळपातला दुसरा नरसुद्धा पिलू वागवायला लागला की बदलतो. मेंदू रक्ताचं नातं विचारत नाही. अंगावर ओझं किती पडलं, तेवढं बघतो.

मी हे बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. "बरं हाय," ती म्हणाली. जरा वेळानं सुरी खाली ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "पन तुमी जरा बेतानं घ्या. ती जानार हाय."

"माहीत आहे मला."

"माहीत असून काय व्हतंय," ती म्हणाली.

आम्ही तिला नाव ठेवलं नव्हतं. बारसं तिच्या आईनं करायचं, हे बायकोनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचो. बाई उठल्या, बाई जेवल्या. ती रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. माझी चप्पल दाराशी वाजली की जिथं असेल तिथून निघायची. एकदा तिनं माझ्याकडं बघून "बा" म्हटलं. लहान मुलं काहीही म्हणतात. "ब" हा ओठांचा सोपा वर्ण आहे, हे मी त्या दिवशी बायकोला फार शास्त्रीयपणे समजावून सांगितलं.

साडू महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. नांदेडचा दवाखाना, हट्ट्याचं शेत आणि त्यात हिंगोली, अशी त्याची ओढाताण होती. येताना केळी आणायचा, कधी स्वतःच्या शेतातली हळद. खुर्चीच्या कडेवर बसायचा. मी बाळ त्याच्या मांडीवर द्यायचो आणि ती भोकाड पसरायची. तो लगेच परत द्यायचा. "ऱ्हाऊ द्या," म्हणायचा. "तुमच्यापाशी बरी हाय." चहा पिऊन निघून जायचा.

दसऱ्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता ती पूर्ण बरी आहे, बाळ आईकडं द्या. बायकोनं फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन बसली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. बहीण परत मिळाली होती तिला. मलाही आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण उशिरा झाला.

बारसं हट्ट्याला झालं. मेव्हणी हिरव्या साडीत बसली होती, बारीक झालेली, डोळे शांत. तिनं लेकीला मांडीवर घेतलं तेव्हा जमलेल्या बायका रडायला लागल्या. नाव ठेवलं, कानात सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. नाव चांगलं आहे. अजूनही ते माझ्या तोंडात पटकन येत नाही. निघताना बाई माझ्या सदऱ्याला धरून होती. बायकोनं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला आईकडं दिलं. घरी आल्यावर तिनं पाळणा उतरवून खालांकडं पोचवला. त्यांच्या नातसुनेला दिवस गेले होते.

पुढं मी दर रविवारी हट्ट्याला जायला लागलो. काही तरी निमित्त असायचंच, खाऊ, विसरलेलं दुपटं, ताप आला म्हणून औषध. मला बघितलं की ती आईच्या कडेवरून झेपावायची. दिवसभर मला चिकटून राहायची आणि संध्याकाळी मी निघालो की गल्लीच्या टोकापर्यंत तिचं रडणं ऐकू यायचं. परतीच्या गाडीत मी डोक्याला रुमाल बांधून, डोळे झाकून बसायचो.

अशाच एका रविवारी मेव्हणी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि समोरच उभी राहिली. बाई माझ्या मांडीवर बसून बटणं ओढत होती.

"दाजी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल ना."

"तुमी येऊन गेलात की ती तीन-तीन दिस माज्याकडं येत न्हाई. दाराकडं बघत ऱ्हाती. मला वाटतं, मी अजून बरी झालेच न्हाई की काय." तिनं तांब्या खाली ठेवला. "तुमचे उपकार जलमभर फिटनार न्हाईत, दाजी. पन मला भ्या वाटतं."

तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

दुपारी साडू मला शेताकडं घेऊन गेला. हळद कमरेला आली होती. पानांतून वारा चालला होता. बांधावर बसून त्यानं बराच वेळ मातीचं ढेकूळ फोडलं.

"साडूभाऊ, तुमी शिकवता ना हे सगळं, मेंदूचं वगैरे?"

"थोडंफार."

"मग एक सांगा. माज्या डोक्यात काई फरक हाय का?" तो माझ्याकडं बघत नव्हता. "लेकरू माजं हाय, मला माहीत हाय. पन ती रडली तर मला नुसता तरास होतो. माया येत न्हाई. तुमी तिला घेता तेव्हा तुमचं तोंड कसं होतं ते मी बघून राहिलो ना. माजं तसं होत न्हाई. हिचा मेंदू बिघडला व्हता, तो सुधरला. माजा तर काई बिघडला न्हाई, मग काहून असं? मी कसला बाप?"

मी त्या क्षणी खोटं बोललो असतो तर? असतं एखाद्याचं असं, होईल हळूहळू, म्हणून विषय बदलला असता तर? रविवार चालू राहिले असते. तसा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. पण समोरच्या माणसानं वर्षभर एका हातानं दवाखाना आणि दुसऱ्या हातानं शेत सांभाळलं होतं, आणि आता तो मला विचारत होता.

"तुमच्यात काही फरक नाही," मी म्हणालो. "माझं पण असंच होतं आधी."

"तुमचं?"

"खालांना विचारा. मी तिला पार्सलसारखं धरायचो." मग मी त्याला सगळं सांगितलं. पारव्यांचं सांगितलं, पाठीवर पिलं वागवणाऱ्या माकडांचं सांगितलं. जवळ राहिलेल्या नराचा मेंदू बदलतो, लांब ठेवलेल्याचा बदलत नाही, तेही. "बायकांना नऊ महिने पोटात मिळतात. आपल्याला ते नसतं. आपल्याला आधी घ्यावं लागतं, न्हाऊ घालावं लागतं, तिचं रडणं अंगावर घ्यावं लागतं. माया मागून येते. आधी येत नाही. तुम्हाला घ्यायला मिळालंच नाही, साडूभाऊ. तुम्ही दवाखान्यात होता."

त्यानं हातातली माती झटकली. "पन ती येत न्हाई माज्याकडं."

"मी असलो की नाही येणार," मी म्हणालो.

त्याला ते कळलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. शेजारच्या रानात कुणी तरी मोटार चालू केली, पाइपातून पाण्याचा आवाज यायला लागला.

"तकलीफ होईल तुमाला," तो म्हणाला.

"बघू," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी त्याला दाखवलं, तिला कसं घ्यायचं. डोकं डाव्या खांद्यावर, पाठीवर पंजा सपाट, थोपटायचं नाही, नुसता दाबून ठेवायचा. जेवताना वरणात भात पार कुस्करून लागतो. झोपताना ती कान धरते, धरू द्यायचा. तो एकेक गोष्ट बराबर ऐकून घेत होता. ती रडत होती आणि मी तिला परत घेत नव्हतो. मग मी मागच्या दारानं निघालो.

त्यानंतर मी हट्ट्याला गेलो नाही. बायको जायची, येऊन सांगायची. पहिले आठवडे वाईट गेले. मग एकदा ती म्हणाली, आता त्याच्या मागं मागं गोठ्यात जाती. नंतर म्हणाली, ताप आला होता तर त्यानंच दोन दिवस अंगावर घेऊन काढले. मी बरं म्हणायचो.

माझं शरीर मात्र ऐकत नव्हतं. ऊन चढलं की पाय घराकडं ओढायचे. दार उघडून आत आलो की मी थांबायचो, कुणी तरी जमिनीवर पायात येईल म्हणून. बाजारात कडेवरचं पोर रडलं की छातीत ओढल्यासारखं व्हायचं, दुखायचंच खरं तर. मी पुन्हा वाचायला बसलो. पिलं काढून घेतल्यावर त्या नराचं पुढं काय होतं, बदललेला मेंदू पुन्हा पहिल्यासारखा होतो का, हे मला शोधायचं होतं. मला ते कुठं नीट सापडलं नाही. असेलही कुठं लिहिलेलं, मला मिळालं नाही.

खाला एकदा अंगणात भेटल्या. म्हणाल्या, "रोव सर थोडा. मरद लोगाँ नै रोते तो बीमार पडते." मी हसून घरात आलो.

त्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी पलंगावर पालथा पडून होतो. बायको शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मला पन आठवती," ती म्हणाली. "पन मी पयल्या दिवसापासून मावशीच होते. डेपोत उतरले तवाच ठरवलं व्हतं. तुमी कायच ठरवलं न्हाई. तुमी सरळ बाप झालात."

मग मी रडलो. तीही रडली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही म्हणून आम्ही एकत्र कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी ते सगळं मिळून रडून झालं.

यंदा दसऱ्याला ते तिघं हिंगोलीला प्रदर्शन बघायला आले आणि दुपारी आमच्याकडं जेवायला थांबले. मेव्हणी आता छान आहे, गावात शिवणाचं मशीन टाकलंय. मुलगी बालवाडीत जाते. दारातून आत येऊन तिनं घर नीट बघून घेतलं आणि आईला विचारलं, "हे कोनाचं घर हाय?"

"मावशीचं. काकाचं," मेव्हणी म्हणाली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

जेवणं झाल्यावर ती अंगणात पळत होती. पायरीवर पाय घसरला आणि तोंडावर पडली. ओठ फुटला. मी सगळ्यात जवळ होतो. मी उठलो, दोन्ही हात पुढं केले. ती उठली, रडत, रक्तानं माखलेली, आणि मला वळसा घालून पुढं पळाली. साडू कधी उठला आणि कधी दारात उकिडवा बसला ते मला दिसलंच नाही. ती त्याच्या खांद्यात शिरली. त्यानं पंजा सपाट करून तिच्या पाठीवर दाबून ठेवला. त्याचं तोंड बदललेलं होतं.

"साडूभाऊ, हळद आना बरं थोडी," तो मान वर न करता म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं डबा आधीच काढला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, चिमूटभर हळद वाटीत घेतली.

"मी देते," ती म्हणाली. "तुमी बसा जरा इथंच."

मी ओट्याला टेकून खाली बसलो. ती बाहेर गेली. रडण्यात आधी दुखणं होतं, मग नुसता राग राहिला, मग हुंदके. ते पूर्ण थांबेपर्यंत मी ऐकत राहिलो.